माधवने न मोजलेली खालची फट

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

काल लिहिलं की बाबांच्या कापसाच्या जिनातल्या मोटारीत, आत फिरणाऱ्या रोटरभोवतीची फट माधवने चुकीची मोजली. तसं नाही. वरची, बाजूंची बरोबर मोजली. खालची मोजलीच नाही. जेवताना स्वतःच म्हणाला, "खाली आडवं कोन पडते? नवा सदरा हाये."

बेअरिंग झिजलं की रोटर खालीच बसतो. हे बाबांनी आधी मला शिकवलं, मोजायच्या पोलादी पट्ट्या मात्र दिल्या धाकट्याला!

मी बोलले, तर माधव म्हणे, "ताई, तुह्या पोटात काहून दुखून राहिलं?" बाबा हसले.

दुखतंच. म्हणून खालची फट खोटी ठरते? रोटर घासला तर मोटार जाईल, बाबांची नोकरीही.

शुक्रवारी मोटार सुरू होणार. बाबांचा डबा आणि त्या पट्ट्या घेऊन मीच जाईन आणि त्यांच्यासमोर आडवी पडून मोजीन. गुरुवारी.