'न्हाई'चं काय करायचं?

रविवार संध्याकाळ, परतूर

आमच्या कलामंडळात आज नव्या कवींचं वाचन झालं. हसनाबादची रेखा पहिल्यांदाच माइकसमोर उभी राह्यली. तालमीत आमच्या अध्यक्षांनी, देशमुख सरांनी, तिला बजावलं होतं, "न्हाई नको, नाही म्हण. पुण्याचे पाहुणे येणारेत." तिनं मान डोलावली होती. आज बिनधास्त 'न्हाई'च म्हणाली. शेवटच्या ओळीत तर दोनदा. सर खाली बघत बसले. धाकधूक मलाही होतीच, खोटं कशाला बोलू? पहिल्या रांगेतली तिची आई मात्र मोठ्यानं म्हणाली, "बराबर!"

मग सर आभाराला उठले. चष्मा पुसला. म्हणाले, "रेखानंतर आता बोलायला काही उरलं न्हाई."

मुद्दाम म्हणाले, की आपोआप आलं? निघताना विचारलंच.

"का? काय म्हणलो मी?"