ओतिलियाचा वरचा सूर

४ सप्टेंबर
गुर्स्की ऑपेराचे संचालक झाले म्हणून रीतही बदलणार का? तीस वर्षं गायलेल्या गायिकेच्या सन्मानाचा प्रयोग — त्यात भूमिका ती स्वतः निवडते. पोझ्नानमध्ये आजवर असंच चालत आलं. मी नवरीची भूमिका निवडली. गुर्स्की हसून म्हणतात, “ओतिलियाबाई, तुम्ही आईची भूमिका करा. शोभून दिसाल.”
शोभून! आईला पहिल्या अंकात एक गाणं, मग ती मरते. आणि नवरी कोण? यागना. माझीच शिष्या! श्वास कुठे घ्यायचा हे मी शिकवलं तिला.

६ सप्टेंबर
यागना खसखशीचा केक घेऊन आली. दार उघडलं नाही. केक मात्र नंतर आत घेतला. कावळ्यांना कशाला?

९ सप्टेंबर
वालेंतींना सगळं सांगितलं. बावीस वर्षं माझ्या साथीला पियानोवर आहेत. वाटलं, भडकतील. हे आपले पियानोच्या पट्ट्यांकडे बघत बसले. म्हणे, आईचं गाणं सुंदर आहे, तुमच्या गळ्याला बसेल.
मी म्हटलं, वसंतातल्या मैफलीत नवरीच्या शेवटच्या गाण्यातल्या माझ्या वरच्या सुराला अख्खं सभागृह उभं राहिलं होतं, विसरलात?
“नाही विसरलो, उभं राहिलं होतं,” म्हणाले आणि पियानोचं झाकण लावलं. हे असले पाठीराखे!

१३ सप्टेंबर
गुर्स्कींना स्पष्ट सांगितलं — नवरी नाही, तर सन्मानही नको, आणि का नको ते वर्तमानपत्रात छापून येईल. नरमले. बुधवारी वाद्यवृंदासमोर दोघींनी नवरीचं शेवटचं गाणं म्हणायचं. मग ठरवू म्हणे.
शिष्येबरोबर परीक्षा, या वयात! संताप संताप झाला. पण हो म्हटलं. एकदा ऐकू देच सगळ्यांना.

१६ सप्टेंबर
वालेंती मध घेऊन आले. बुधवारी जाऊ नका म्हणाले. दोनदा म्हणाले. तुम्हीही त्यांच्यातलेच का, असं विचारलं. टोपी उचलून गेले.

१८ सप्टेंबर, बुधवार
यागना आधी गायली. छान गायली, खोटं कशाला बोलू. मग मी उभी राहिले. तेवढ्यात सेव्हेरीना — वादकांचे स्वरलिपीचे कागद सांभाळणारी — सगळ्यांपुढचे कागद उचलून दुसरे ठेवायला लागली. मी विचारलं, हे काय चाललंय?
“तुमचे वेगळे असतात ना, बाई. अर्धा सूर खालचे.”
हवापाण्याचं बोलावं तसं बोलली. तिला वाटलं, मीच सांगितलं असणार. वयाबरोबर गायिका पट्टी उतरवायला सांगतातच, चारचौघांत न बोलता. पण मी नव्हतं सांगितलं! मला माहीतच नव्हतं! आणि चेलोवाल्यापासून ढोलवाल्यापर्यंत सगळे बुटांकडे बघत होते. सगळ्यांना ठाऊक.
कागदांवर अक्षर वालेंतींचं.
मला ऐकून पट्टी ओळखता येत नाही, कित्येकींना येत नाही. मी सूर घेते तो त्यांच्या पियानोवरून. ते देतील तो.
“यागनाचेच कागद ठेव,” म्हटलं. गायले. वरचा सूर फाटला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर
वालेंती आले. उंबरठ्यावरच उभे केले. किती दिवस हे नाटक?
“दोन वर्षं. तालमींत तुमचा वरचा सूर डळमळू लागला होता. तुम्ही नेहमी म्हणायचात, सूर फाटला तर त्याच दिवशी गाणं सोडेन. तुम्ही बोललेलं करता, म्हणून मी भ्यालो.”
म्हणून मला मूर्ख बनवलं? साठ वादकांसमोर? दोन वर्षं टाळ्या घेतल्या मी, त्या कुणाच्या? तोंड दाखवू नका, मी म्हटलं आणि दार आपटलं. ते कागद मी घरी आणलेत. उद्या एकेक फाडणार आहे.

२० सप्टेंबर
फाडायला बसले. पहिल्या व्हायोलिनच्या कागदाच्या कोपऱ्यात वालेंतींनी तारीख घातली आहे. दोन वर्षांपूर्वीची नाही. अकरा वर्षांपूर्वीची. माझं पदक, व्हिएन्नाचा दौरा, सगळं त्यानंतरचं. काल माझी लाज राखायला त्यांनी दोनच वर्षं सांगितली.
गुर्स्कींना फोन करून आईची भूमिका घेतली. तालमींना पियानोवर वालेंतीच हवेत, असंही सांगितलं.