रिकामी टरफलं

चेन्नई, १२ जानेवारी

राजूरच्या माझ्या हट्टी आईला दिशाचा रागारागानं नमस्कार.

फोनवर ओरडले की तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. मी मागितलं होतं आपल्या भाताचं तूस आणि अंड्यांची रिकामी टरफलं. रिकामी, आई! तू तुसात चांगली तीस अंडी भरलीस. वाटेत सगळी फुटली. पार्सल उघडलं आणि अख्खी प्रयोगशाळा नाक दाबून बाहेर पळाली.

वर म्हणतेस, "लेकीला रिकामं कसं धाडू?" अगं, तुसाची राख आणि टरफलांची पूड भट्टीत भाजून आम्ही फरशी बनवतो, आम्लेट नाही!

टरफलं धुतली, फरशीचा तुकडा छान भाजला, तडासुद्धा गेला नाही. पण माझ्या हातांचा वास अजून जात नाही.

आता खरं सांगते. टरफलं इथल्या मेसमध्ये रोज बादलीभर निघतात. पण डॉक्टरांनी तुला रोज एक अंडं खायला सांगितलंय. तू खातेस की नाही, ते मला टरफलांवरून कळणार होतं. चक्कर अजून येते का गं?

यापुढे अंडी तू खा, टरफलं तेवढी मला धाड. एकेक मोजून घेणार आहे.

तुझ्यासारखीच हट्टी,
दिशा