बाबा घरी आले की

चिमणे,

दूध तापवून ठेवलंय. इस्त्रीची वायर सैल झालीय, जपून. बाबांची खुर्ची टेबलासमोरून मीच हलवली. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, तिला उशी टेकवून ठेव.

मी हॉस्पिटलात जातेय. दुसऱ्या मुलाखतीची तयारी कधी सुरू करणार, असं विचारलं की तू म्हणतेस, "बाबा घरी आले की." पहिल्या मुलाखतीआधी ते घरातच बूट घालून तुझ्यासमोर बसायचे, "बसा मॅडम" म्हणायचे आणि प्रश्न विचारून तुला घाम फोडायचे. पण बाळा, डॉक्टर काल म्हणाले, बाबा घरी येतील, मात्र अर्धांगाच्या झटक्याने गेलेली वाचा बहुधा परत येणार नाही. तुझ्या तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही.

तेव्हा आजच सुरुवात कर. संध्याकाळी मी समोर बसेन. प्रश्न तूच लिहून दे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तू थापा मारायला लागलीस की लगेच कळतं. रडायचं असेल तर मी येईपर्यंत रडून घे.

आई

पहिल्या मुलाखतीच्या दिवशी तू परत येईपर्यंत बाबा जेवले नव्हते.