ठमीची रिकामी वाटी

बाबा,

ठमीला घेऊन डॉक्टरांकडे जातेय. गळ्याखालच्या गाठी आणखी सुजल्यात. ते विचारणार, मांजरीचं खाणं कधीपासून सुटलं? काय सांगू? तुमच्या जिवाला घोर नको म्हणून तिची सकाळची वाटी मीच गुपचूप रिकामी करत होते. संध्याकाळची वाटी रिकामी दिसायची, तर वाटायचं, तुमच्या हातून तरी खातेय. आज कचऱ्याच्या डब्यात कागदात गुंडाळलेलं तिचं काल संध्याकाळचं खाणं सापडलं. म्हणजे तुम्हीही तेच? माझं तर डोकंच चालेनासं झालंय. तिनं संध्याकाळचंही खाणं सोडून चार दिवस झाले की आठ? खरं काय ते फोन करून सांगा, रागावणार नाही.

जेवण झाकून ठेवलंय, पण मी येईपर्यंत थांबा. आई गेल्यापासून तुमचं ताटही रोज रिकामंच दिसतंय.