डबीमागचा डाग

२ डिसेंबर, सोमवार
त्रिवेणी, गॅसवर दूध ठेवून, करपल्याचा वास कुणाकडून येतोय म्हणून शेजारी विचारायला जाणारी तू! तुझ्या ध्यानात काय राहणार? म्हणून तुझी ही आजी रोजचं बोलून ठेवायलेय, तू वाचावं म्हणून. मला अक्षर येत न्हाई. पंकजरावांनी फोन शिकवला: मी बोलायचं, त्यानं लिहायचं. नवरा तुला बरा मिळाला, तुझी त्यात काही कमाई न्हाई.
काल जिंतूरहून झरीला आले. एसटीत खिडकी मिळाली, शेजारीण मुकाट मिळाली. तुझं बाळ बघितलं. नाक आपलं, आवाज सासरचा. सोळा तारखेच्या सोमवारी आपल्या लिंगायत रीतीनं स्वामी त्याच्या गळ्यात लिंग बांधतील. तोवर लेकराची छाती उघडी. मी हाय राखणीला.

५ डिसेंबर, गुरुवार
छातीचे फोटो काढणारी गाडी गावात आली. माझा खोकला ऐकून पंकजरावांनी मलाच आधी उभं केलं. यंत्र लग्नातल्या कॅमेऱ्याएवढं. फोटोत फासळ्या दिसल्या, अन् त्यांवर माझ्या लिंगाची चांदीची डबी, पांढरीफेक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डबीमागचं दिसंना, काढून ठेवा. मी म्हणाले, नवऱ्यानं असं सांगितलं असतं तर नवऱ्याला काढून ठेवला असता. बाई हसली, पण हटली न्हाई. घरात ओली बाळंतीण हाय, म्हणाली. तिथं मी हरले.
जन्मात पहिल्यांदा लिंग अंगावरून उतरवून टेबलावर ठेवलं. श्वास घ्या, धरा, म्हणाली. घेतला. श्वासाबरोबर आणखी काहीतरी आत आलं. गार, मांजराच्या पिलाएवढं. डबी लगेच गळ्यात घातली.
फोटोत डबीच्या जागी पांढरा डाग होता.

९ डिसेंबर, सोमवार
थुंकी तपासली, ती साफ. डॉक्टरीणबाई म्हणतात, फोटोवरून टीबीचा नुसता संशय येतो. पुन्हा थुंकी द्या, पुन्हा फोटो काढू, तोवर बाळापासून लांब राहा. मला मागच्या खोलीत टाकलंय. तुझ्या सासूबाई, सरजाबाई, माझं ताट काठीनं उंबऱ्याच्या आत ढकलतात. मी म्हणाले, विहीणबाई, काठी जरा लांब घ्या, मी चावते.
त्या हसल्या न्हाईत. मीही न्हाई. तेवढ्यात बाळ रडलं, आणि माझ्या छातीत कुणीतरी कूस बदलली.

१२ डिसेंबर, गुरुवार
आज पुन्हा फोटो. डबी काढली न्हाई. डॉक्टरीणबाई लय चिडल्या, तसाच काढला. आईच्या अंगाला लेकरू लुचतं तसा तो डाग डबीला चिकटलाय. त्यांना डागच दिसतो. मला ओठ दिसले.
आता कळलं. डबी हाय म्हणून ते आत कोंडलंय. बाहेर पडलं की त्याला रिकामी छाती पाहिजे. ह्या घरात तशी एकच हाय.
मी दूधभात खाल्ला की ते गप बसतं. दोघांपुरता पाठवत जा.

१४ डिसेंबर, शनिवार
डबीचा दोरा ओला हाय. छातीकडच्या बाजूनं. चोखल्यासारखा.
नवा दोरा मागितला. सरजाबाई दाराआडून म्हणाल्या, दोरा कशाला, उद्या डबीच काढून घेणार, डॉक्टरांना नीट फोटो पाहिजे. येऊ द्या म्हणावं. म्हातारीची नखं अजून शाबूत हायत.
त्रिवेणी, तू येऊ नकोस. बाळाला घेऊन तर मुळीच—

१५ डिसेंबर, रविवार
दोरा एका धाग्यावर आलाय. डबी मुठीत दाबून बसलेय. बाळ तिकडं रडायलंय — इकडं आत हे हसायलंय —
स्वामींना आजच बोलवा. सोमवार बघू नका. त्याच्या गळ्यात लिंग — आजच — एवढं तरी विसरू नकोस, बाई —
आणि दूधभात नको आता. थुंकून टाकतंय. भाकर पाठव, ज्वारीची, कडक, शिळी असली तरी चालंल. ह्याला दात आ—