बसून राहण्याचा सराव

सर, तुमच्या नावाची पाटी लागते आहे. कॉलेजच्या वाचनालयाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय आणि त्यानिमित्त स्मरणिकाही निघणार आहे. परवा माझ्या वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. कार्यक्रमाचा सगळा भार त्यानेच अंगावर घेतलाय. म्हणाला, "दोन पानं दे. तुझ्याशिवाय कोण लिहिणार? तू तर सरांची लाडकी." त्या दुपारचं त्याला काही ठाऊक नाही, तो आमच्यात नव्हता. मी बरं म्हटलं. आज रविवार आहे, कुकर उतरवून झालाय, आई बाल्कनीत पाय पसरून मेथी निवडते आहे, आणि मी दोन पानांऐवजी हे लिहायला बसले आहे. मध्येच थांबवून "मुद्द्यावर ये" म्हणायला तुम्ही आता नाही. तेव्हा मी सावकाश येणार आहे.

तुमच्या आधी माझी ओळख झाली तुमच्या स्वयंपाकघराशी. आम्ही विरार पूर्वेला, चंदनसारच्या चाळीत राहायचो. बाबा मिठागरावर होते ते गेले, आणि आईने पश्चिमेला तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये चार घरची कामं धरली. त्यातलं एक तुमचं. घरी आल्यावर ती इतर घरांबद्दल कुरकुरायची, तुमच्याबद्दल मात्र सांगायची, "सरांकडं आपला कप वेगला नाय गो बाय." बारावीनंतर मी तुमच्याच कॉलेजात आले, तेव्हा तुम्ही मला घरी बोलावलंत. आई मोरीत भांडी घासत होती. ओट्याशी उभं राहून तुम्ही वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला जाडजूड शब्दकोश माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "शब्द उसने घ्यायचे नाहीत, शोधायचे." मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला होता. आई ऐकत होती. तो शब्दकोश अजून माझ्या टेबलावर आहे. राग आला म्हणून कामाची वस्तू टाकून देण्याइतके आम्ही कधी श्रीमंत नव्हतो.

शनिवारी शेवटच्या लेक्चरनंतर तुम्ही कविता वाचायचात. अभ्यासक्रमात नसलेल्या. अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाच्या काळातल्या, तुम्ही स्वतः मराठीत आणलेल्या. काळ्या माणसांना दुकानात सामान विकत घेता येतं पण खायला बाकावर बसता येत नाही, असं गाव. आणि चांगले कपडे घालून, पुस्तकं घेऊन त्या बाकांवर नुसती जाऊन बसणारी आमच्याच वयाची मुलं. कोणी डोक्यावर सॉस ओततंय, कोणी खुर्ची ओढतंय, आणि ही बसलेलीच. तुम्ही वाचत असता, चष्मा नाकावर घसरलेला, आणि मला विरार दिसेनासं होतं. "काही कविता माणसाला उठवतात," तुम्ही म्हणता, "या बसायला शिकवतात." हे वाक्य मी वहीत नाही, थेट डोक्यात उतरवून घेतलं.

मग तो बाकाचा प्रश्न आला. तुमच्या बिल्डिंगखाली बदामाचं झाड होतं, त्याखाली सिमेंटचे बाक. सकाळची कामं आटपून दुपारच्या कामाला जाण्यापूर्वी बायका तिथे डबा खायच्या. कोणाच्या तरी डोळ्यांत ते खुपलं. बोर्ड लागला, 'बाक फक्त सभासदांसाठी'. बायका पंपरूमच्या पायरीवर, डास मारत जेवायला लागल्या. मी त्यावर कविता लिहिली आणि तुम्हाला दाखवली. तुम्ही वाचलीत आणि चिडलात. "'अन्याय' हा शब्द काढ आधी. आळशी माणसाचा शब्द आहे. मला बाक दिसू दे, तुझी आई दिसू दे." मला रडू आलं, पण तुमचं बरोबर होतं. कविता सुधारली. ती वाचून वर्गातली पाचसहा जणं माझ्या घरी आली, आईशी बोलली, आणि ठरलं: आपण तिथे जाऊन बसायचं. आयांना घेऊन. भांडायचं नाही, घोषणा नाहीत, नुसतं बसून डबा खायचा.

तुम्ही किती खूश झालात! म्हणालात, कवितेतल्या त्या मुलांनी आधी सराव केला होता, तुम्हीही करा. त्यांच्यातलेच काही जण शिव्या देणारे व्हायचे, बाकीचे बसून ऐकायचे. आमच्यात शिव्या देणारं कोणी धड मिळेना, सगळ्यांना हसू यायचं. मग तुम्हीच उभे राहिलात. वाचनालयातला एक बाक मध्ये ओढला, आम्हाला बसवलंत आणि चेहरा असा बदललात की आम्ही गारच पडलो. बाक हलवलात, माझी ओढणी खेचलीत, थंड झालेला चहा पायांवर टाकलात. आणि अगदी तोंडाजवळ येऊन म्हणालात, "उठ. तुझ्या बापाचा बाक आहे का?" सर, माझा बाप मिठागरावर उभ्या उभ्याच संपला होता. पहिल्या वेळी मी हुंदका देऊन उठले. तुम्ही चष्मा काढलात, तुमचा नेहमीचा चेहरा परत आला, आणि बाटली पुढे करून म्हणालात, "झालं. पाणी प्या." दर सरावाच्या शेवटी हेच. चष्मा, मग "झालं, पाणी प्या." हळूहळू मी बसायला शिकले. शेवटच्या सरावात तुम्ही कानाशी ओरडत होतात आणि मी शांतपणे भाकरी मोडत होते. तुम्ही म्हणालात, "आता तुला कोणी उठवू शकत नाही. मी वर गॅलरीत असेन, वेळ पडली तर खाली येईन."

आलात. शब्द पाळलात.

शनिवारची दुपार आहे. बदामाची पानं लालसर झालीत. आम्ही बसलोय, माझ्या शेजारी आई, पलीकडे आणखी दोघी कामवाल्या, दुसऱ्या बाकावर वर्गातली मुलं. आईने डबा उघडलाय, पण भाकरी अजून मोडलेली नाही. वॉचमन येऊन म्हणतो, "मौसी, इधर नहीं बैठने का, मेरी नौकरी जाएगी." मग सेक्रेटरी येतात, मग चार सभासद. आवाज चढतात. मी गॅलरीकडे बघते. तुम्ही नाही. आणि लिफ्टचं दार उघडून तुम्ही समोरून येता. मला इतका धीर आला, सर! सेक्रेटरी तुम्हाला म्हणाले, "ही तुमच्या कॉलेजची ना? तुम्हीच शिकवलंत का हे?" तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "उठ. तुझ्या बापाचा बाक आहे का?"

आणि मी हसले. याची मला आजही सर्वांत जास्त लाज वाटते, आणि सर्वांत जास्त राग येतो तोही याचाच. तोच आवाज, तेच शब्द. मला वाटलं, तुम्ही सेक्रेटरीच्या डोळ्यांत धूळ फेकताय, आमची परीक्षा घेताय. आई अर्धवट उठली होती, मी पदर धरून तिला खाली बसवलं. कानात म्हटलं, "घाबरू नको, सर नाटक करतायत." ती बसली. माझ्यावर विश्वास ठेवून बसली. मी तुमच्या चष्म्याकडे बघत राहिले, आता काढाल, आता काढाल. तुम्ही वॉचमनकडे वळलात आणि म्हणालात, "यांना गेटबाहेर काढा. आणि मावशी, उद्यापासून आमच्याकडे यायची गरज नाही."

आईला माझ्याआधी कळलं. तिने डब्याचं झाकण लावलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "बाय, उठ. ह्ये नाटक नाय." रेल्वेचा पूल चढून आम्ही पूर्वेला आलो. बाकीच्या तीन घरांनीही आठवड्याभरात तिला नको म्हटलं. ती मग नालासोपाऱ्याला एका गाळ्यात बांगड्यांना खडे चिकटवायला जाऊ लागली. डोळे त्यात अधू झाले. सोसायटीने तर कमालच केली, बाकच तोडून टाकले आणि तिथे कुंड्या लावल्या. नंतर म्हणे तुमचे ज्येष्ठ सभासद घरून प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन खाली यायचे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच.

वर्गात तुम्ही खिडकीकडे बघून शिकवायला लागलात. शनिवारचे तास बंद झाले. तरी मी वाट बघितली, सर. कधीतरी बोलवाल, काहीतरी सांगाल. मग तुमचं कवितांचं पुस्तक आलं, वसईला हॉलमध्ये कार्यक्रम झाला, आणि मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तुम्ही छान वाचलंत. अमेरिकेतल्या त्या मुलांच्या सरावाबद्दल सांगितलंत, खुर्च्या ओढण्याबद्दल, सॉसबद्दल. शेवटी उसासा टाकून म्हणालात, "आपल्याकडच्या मुलांत हे धाडस कुठे आहे?" टाळ्या पडल्या. बाकावरून काढलंत ते मी एक वेळ भीती म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या संध्याकाळी आम्ही कधी बसलोच नव्हतो असं तुम्ही करून टाकलंत. 'अन्याय' हा शब्द मी या पत्रात तुमच्यासमोर वापरणार नाही, तुम्हीच बंदी घातली होतीत. मी शोधून दुसरा आणलाय. दगा. तुम्ही आम्हाला दगा दिलात.

कारणं मीही शोधली आहेत. प्राचार्यपद जवळ आलं होतं, मुलाचं लग्न त्याच शेजाऱ्यांच्या नात्यात ठरत होतं. असेल. आई म्हणते, "मानूस वाईट नव्हता, घाबरला." मी म्हणते, "घाबरलीस तर तूही होतीस, तरी बसलीस ना?" ती हसते आणि मेथीच्या काड्या गोळा करते. तिला तुमचा कप आठवतो. मला तुमचा आवाज आठवतो, आणि आता मी स्वतः शिकवते तेव्हा 'आळशी शब्द काढा' हे माझ्या तोंडून तुमच्याच आवाजात निघतं. तेवढं मला तुमच्यापासून सोडवून घेता आलेलं नाही.

हे स्मरणिकेत जाणार नाही. मित्राला मी तुमच्या उच्चारांवर आणि शब्दकोशावर दोन पानं देईन, तीही खोटी नसतील. हे कागद त्याच शब्दकोशात घालून ठेवीन.

फक्त एक राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा आई मला ओढत घेऊन आली होती. तुम्हाला खाली आणलं होतं, बदामाखाली, कुंड्या बाजूला सारून. जवळची माणसं तुळशीच्या पानाने तुमच्या तोंडात पाणी घालत होती. तुमच्या पत्नीने आईला ओळखलं, भांडं पुढे केलं. आईने घातलं आणि मला म्हणाली, "बाय, पानी घाल." मी हात मागे बांधून उभी राहिले. लोकांना वाटलं, किती राग हा, मेलेल्या माणसावर. राग होताच. पण चष्मा तुमच्या डोळ्यांवर नव्हता सर, कोणीतरी काढून ठेवला होता, आणि मी तुमच्या ओठांकडे बघत उभी होते. "झालं" म्हणाल म्हणून.